रोवलेल्या जिओफोनऐवजी लँड स्ट्रीमर चालेल का?

प्रश्न असा आहे: २४ चॅनेलचा सिस्मोग्राफ (म्हणजे २४ नोंदी एकाच वेळी घेणारं यंत्र) आणि ४.५ हर्ट्झचे उभे जिओफोन, म्हणजे जमिनीची वर-खाली हालचाल टिपणारे सेन्सर, हाताशी आहेत. काही किलोमीटर रस्ता आहे, थोडा डांबरी, थोडा खडीचा, मध्येच गवताळ पट्टे. त्याखाली २०-२५ मीटरपर्यंत शिअर तरंगांचा, म्हणजे माती आडवी हलवत जाणाऱ्या लाटांचा, वेग हवा आहे आणि खडक किती खोल आहे तेही. दर जागी जिओफोन रोवत बसण्याऐवजी ते लोखंडी प्लेटांवर बसवून गाडीमागे ओढत नेले तर दर्जा टिकेल का? आणि असा लँड स्ट्रीमर स्वतः बांधता येईल का?

बांधता येतो. पृष्ठतरंगांच्या कामात, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या लाटा अनेक चॅनेलवर मोजून वेग काढण्याच्या एमएएसडब्ल्यू पद्धतीत, दर्जाही रोवलेल्या जिओफोनच्या तोडीचा मिळतो. खडकाच्या खोलीचं मात्र वेगळं आहे. अपवर्तनाला, म्हणजे खडकावरून वळून वर येणाऱ्या लाटेची वेळ मोजण्याच्या पद्धतीला, घावाच्या जागेपासून लांब अंतर लागतं आणि स्ट्रीमरची लांबी ठरलेली असते, त्यामुळे तिथे वेगळी चाल खेळावी लागते. ती पुढे सांगितली आहे.

आधी प्लेट मुळात का चालते ते पाहू, कारण बांधणीतले सगळे निर्णय त्यावरच ठरतात. लाट उठवायला मारलेल्या घणाच्या घावाने काही मीटरवर जमिनीला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या मानाने नगण्य असतं. त्यामुळे प्लेट जमिनीवरून उडत नाही, स्वतःच्या वजनानेच टेकून राहते. प्लेटचं वस्तुमान आणि तिच्याखालच्या स्पर्शाचा ताठरपणा मिळून एक स्प्रिंग-वजनाची जोडी होते आणि तिला स्वतःची एक अनुनाद वारंवारता असते. त्या वारंवारतेच्या बरंच खाली प्लेट जमिनीबरोबर इमानदारीने हलते. तिच्या जवळ गेलं की आयाम वाढतो आणि फेज मागे पडते. डांबरावर ही वारंवारता शेकडो हर्ट्झमध्ये असते. मऊ गवतावर ती बरीच खाली येते, कधीकधी १०० हर्ट्झच्याही खाली. एमएएसडब्ल्यूचा पट्टा ५ ते ५० हर्ट्झचा, म्हणून तिथे साधारणपणे निभावतं. अपवर्तनाचं पहिलं आगमन, म्हणजे सर्वांत आधी पोचणाऱ्या लाटेची वेळ, अचूक वाचायचं तर जास्त वारंवारता लागतात, म्हणून गवतावर तिथे त्रास होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एमएएसडब्ल्यू एका चॅनेलची फेज दुसऱ्याशी ताडून पाहतं. चोवीसच्या चोवीस प्लेटा सारख्याच मागे पडल्या तर वेगात काहीच फरक पडत नाही. प्रत्येक प्लेट वेगवेगळी मागे पडली तर डिस्पर्शनचं, म्हणजे वारंवारतेप्रमाणे वेग कसा बदलतो त्याचं, चित्र फिसकटतं. म्हणून एखादी प्लेट उत्तम टेकवण्यापेक्षा सगळ्या सारख्या टेकवणं जास्त मोलाचं. जिओफोनच्या कमी वारंवारतेच्या टोकालाही हेच लागू आहे: ४.५ हर्ट्झचे सगळे एकाच बनावटीचे असतील तर ३ हर्ट्झच्या आसपासही फेजमधला फरक वापरता येतो, फक्त सिग्नल तेवढा असला पाहिजे. वेगवेगळ्या बनावटीचे जिओफोन एका माळेत मिसळू नका.

प्लेटचं माप. २०० × १२० × १२ मिलिमीटरची पोलादी प्लेट सव्वादोन किलोच्या आसपास भरते, जिओफोन धरून अडीच. खडबडीत रस्त्यावर ती उड्या मारत नाही आणि हाताने उचलता येते. याहून जड केली की मऊ जमिनीवर अनुनाद खाली सरकतो आणि शिवाय दिवसभर उचलणाऱ्यांची कंबर जाते. हलकी केली की वाऱ्याने आणि केबलच्या ताणाने हलते. पुढची ३०-४० मिलिमीटर कड वर वळवून घ्या, नाहीतर ती पहिल्याच खड्ड्यात अडकेल. जिओफोनचा खिळा काढून त्याच आट्याचा बोल्ट प्लेटच्या मधोमध खालून घ्या आणि जिओफोन थेट लोखंडावर घट्ट बसवा. मध्ये रबर, फोम, प्लॅस्टिकची चकती असं काहीही नको. जिओफोन जितका खाली तितकं बरं. उंच नळीवर किंवा पेटीवर बसवलेला जिओफोन बाजूला डोलतो आणि ते डोलणं उभ्या हालचालीत मिसळतं. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडवा आणि नट नायलॉनच्या कड्याचे वापरा, कारण साधे नट ओढण्याच्या थरथरीने किलोमीटरभरात सैल होतात.

डांबर आणि काँक्रीट यांसाठी सपाट तळ वाईट. खडबडीत पृष्ठभागावर सपाट प्लेट कुठल्यातरी उंचवट्यांवर टेकते आणि बऱ्याचदा दोन कोपऱ्यांवर डुलते. तिवईसारखे तीन पाय दिले की डुलण्याचा प्रश्न मिटतो. प्लेटला तीन आटे पाडून त्यात गोल डोक्याचे कठीण पोलादाचे बोल्ट बसवा, दोन मागे आणि एक पुढे, साधारण १० मिलिमीटर बाहेर. गवत-मातीवर जाताना हे पाय काढून टाका. मऊ जमिनीत ते असमान रुततात आणि जिओफोन कलतो. तिथे सपाट तळच चांगला. पाय झिजतात, आणि पुढचा आधी झिजतो. ४.५ हर्ट्झचा जिओफोन कलाला फार हळवा असतो: कल वाढला की आतलं वजन मध्यापासून सरकतं आणि प्रतिसाद बिघडतो. २८ किंवा ४० हर्ट्झचे याबाबतीत बरेच सोशिक असतात. म्हणून पायांची उंची रोज सकाळी पाहावी.

कलाचा हा प्रश्न जुनाच आहे. ओढत न्यायची माळ आधी बर्फावर, नॉर्वेजियन संशोधकांच्या कामात, ‘स्नो स्ट्रीमर’ म्हणून रूढ झाली. १९९८ मध्ये व्हॅन डर व्हीन आणि ग्रीन यांनी जमिनीवरच्या स्ट्रीमरसाठी गिंबलमध्ये टांगलेले, आपोआप सरळ होणारे जिओफोन तपासले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये इनाझाकी यांनी विणलेल्या पट्ट्यावर प्लेटा बसवून डांबरी रस्त्यावर शिअर तरंगांचं परावर्तन घेतलं. नंतर स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने मेम्स (चिपवरच्या सूक्ष्म) त्वरणमापकांचा डिजिटल स्ट्रीमर तयार केला. त्यात कलाची अडचण जवळजवळ उरत नाही. पण हाताशी ४.५ हर्ट्झचे जिओफोन असतील आणि रस्त्याचा आडवा-उभा उतार बेताचा असेल तर गिंबल किंवा मेम्सवर खर्च करायची गरज नाही. रस्ता चढणीचा असेल तर तेवढा भाग रोवलेल्या जिओफोनने करा.

प्लेटा ज्यावर बसवायच्या तो पट्टा हा दुसरा निर्णय. नायलॉन नको: तो ताणला जातो आणि पाणी शोषून आणखी सैल होतो. पॉलिएस्टरचा ५० मिलिमीटर रुंद विणीचा पट्टा घ्या, माल बांधायला वापरतात तो. अरामिडचा (केव्हलरसारख्या धाग्याचा) मिळाला तर उत्तमच. भार फार नसतो. अडीच किलोच्या २४ प्लेटा म्हणजे ६० किलो, केबल आणि पट्टा मिळून आणखी पंधरा. घर्षणांक ०.७ धरला तर ओढायला पन्नासेक किलो-बल लागतं, खडीवर थोडं जास्त. तरीही पट्ट्याची तुटण्याची क्षमता २-३ टनांची ठेवा, कारण जितका मजबूत पट्टा तितका तो या किरकोळ भाराखाली कमी ताणला जातो. प्लेटांच्या दोन्ही कडांना एकेक असे दोन समांतर पट्टे असतील तर प्लेटा गिरकी घेत नाहीत आणि उलटत नाहीत. एकच पट्टा मधून नेला तर वळणावर हमखास दोन-तीन उताण्या पडतात. बोल्टसाठी भोकं पाडताना तापवलेली सळई वापरा, कापलेली वीण उसवते. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर लावा. खुणा करण्याआधी पट्टा एकदा २०० किलोच्या ताणाने ओढून सोडा, मगच टेपने अंतरं आखा आणि ओढून थांबल्यावर ती पुन्हा मोजा. ४६ मीटरच्या माळेत एकूण ५-१० सेंटिमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त नको.

गाडी आणि माळ यांच्यामध्ये मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवा, साधारण ३०० किलोला तुटणारा. प्लेट एखाद्या गटाराच्या झाकणाच्या कडेत किंवा रुळात अडकली तर चालकाला कळेपर्यंत उशीर होतो. अशा वेळी दोर तुटलेला परवडतो, केबल तुटलेली नाही.

केबलवर ताण कधीही येता कामा नये. दोन प्लेटांमध्ये केबलची लांबी पट्ट्यापेक्षा किमान ५ टक्के जास्त सोडा, प्रत्येक प्लेटला ती वेल्क्रोने बांधा आणि पट्ट्याच्या वर ठेवा, खाली नाही. जिओफोन केबलला जोडणारी क्लिप हवेत लोंबू देऊ नका. ती लोखंडावर आपटत राहते आणि वारा आला की त्या एकाच चॅनेलवर तीक्ष्ण टोकं दिसतात. क्लिपा ओल्या झाल्या की गळती सुरू होते आणि विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण वाढते. सकाळी माळ पसरल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक जोडी मोजा. ४.५ हर्ट्झच्या बऱ्याच जिओफोनची कॉइल ३७५ ओहमच्या आसपास असते. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा शून्याकडे झुकला तर शॉर्ट आहे, अनंत दाखवला तर तुटका. जमिनीशी रोध १ मेगओहमच्या खाली दिसला तर गळती आहे, क्लिप उघडून वाळवा.

आता दोन जिओफोनांमध्ये अंतर किती ठेवायचं. इथे बहुतेक जण १ मीटर ठेवून मोकळे होतात आणि मग २५ मीटर खोलीचा आलेख छापतात. तो आलेख विश्वासाचा नसतो. कामचलाऊ नियम असा की खोली ही तरंगलांबीच्या निम्म्यापर्यंत धरावी. २० मीटरला ४० मीटरची तरंगलांबी लागते: ५ हर्ट्झला २०० मीटर प्रति सेकंद. तेवढी लांब लाट स्रोताजवळ, म्हणजे घावाच्या जागेजवळ, अजून नीट सपाट झालेली नसते. त्यामुळे निकटक्षेत्राचा परिणाम होतो आणि फेजवेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. स्रोतापासून माळेच्या मध्यापर्यंतचं अंतर तरंगलांबीइतकं असेल तर ही चूक साधारण ५ टक्क्यांत राहते. ते निम्म्यावर आलं तर १०-१५ टक्क्यांपर्यंत जाते. १ मीटर अंतराची २४ चॅनेलची माळ २३ मीटर लांब. स्रोत ६ मीटरवर ठेवला तर मध्य १७.५ मीटरवर येतो. म्हणजे स्वच्छ तरंगलांबी साडेसतरा मीटरची आणि निर्धास्त खोली ९ मीटरच्या आसपास. त्यापुढे १७ मीटरपर्यंत खेचता येतं, पण चूक वाढत जाते आणि ती नेहमी एकाच दिशेने, म्हणजे जमीन आहे त्याहून मऊ दाखवणारी असते.

या कामासाठी २ मीटर अंतर ठेवा. माळ ४६ मीटर, स्रोत १२ मीटरवर, मध्य ३५ मीटरवर. ५० मीटरची तरंगलांबी तेव्हा मध्यम चुकीत येते आणि २५ मीटर खोली आवाक्यात राहते. मोल म्हणून वरचे दीड-दोन मीटर पुसट होतात, कारण ४ मीटरहून आखूड लाटा या अंतराला फसवतात. वरचा थर महत्त्वाचा असेल तर ठराविक ठिकाणी जवळून, २-३ मीटरवरून, एक जास्तीचा घाव घ्या आणि फक्त पहिले सात-आठ चॅनेल वापरा. ४८ चॅनेल असते तर १ मीटर आणि लांब माळ दोन्ही जमलं असतं. २४ मध्ये निवड करावीच लागते.

आणखी एक गैरसमज इथेच काढलेला बरा. माळ दर ४ मीटरला पुढे सरकवली म्हणजे आडवं विभेदन ४ मीटरचं होत नाही. प्रत्येक वेगवक्र ४६ मीटरच्या पट्ट्याची सरासरी असतो आणि आपण तो मध्यावर टेकवतो. १० मीटर रुंदीचा बुजलेला ओहोळ त्यात पसरट, उथळ खळगा म्हणून दिसेल. सलग सरकण्याचा फायदा वेगळा आहे: शेजारच्या वक्रांशी ताडून एखादा बिघडलेला वक्र लगेच ओळखू येतो.

स्रोत. ८ किलोचा घण आणि २५ मिलिमीटर जाडीची पॉलिथिलीनची प्लेट डांबरावर चांगली जोडी ठरते. लोखंडावर लोखंड आपटलं की टणत्कार होतो आणि हवेतून जाणारी ३४० मीटर प्रति सेकंदाची सरळ रेघ नोंदीत आडवी येते. ४६ मीटरच्या टोकाला ५-६ हर्ट्झवर घण कमी पडू लागतो. तिथे दर जागी ५ ते ८ घाव स्टॅक करा, म्हणजे त्यांच्या नोंदी एकत्र मिळवा. यादृच्छिक गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल घावांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे चारावरून आठावर गेल्याने दुप्पट नव्हे, सुमारे १.४ पट. खरोखर खालच्या वारंवारता हव्या असतील तर गाडीमागे बसवलेलं ३०-५० किलोचं रबरी पट्ट्यांनी वेग दिलेलं पडतं वजन जास्त कामाचं. स्रोताची प्लेट माळेच्याच दोराला १२ मीटरवर बांधा, म्हणजे दर वेळी टेप धरावी लागत नाही. सगळे घाव स्टॅक करून एकच फाइल ठेवण्यापेक्षा सुटे साठवा. एखाद्या घावात ट्रक गेला असेल तर तो नंतर गाळता येतो.

नोंदणीची मापं: दर ०.२५ मिलिसेकंदाला एक नमुना आणि १ सेकंदाची नोंद. एमएएसडब्ल्यूला १ मिलिसेकंद पुरतो, पण अपवर्तनासाठी तीच फाइल वापरायची असेल तर बारीक नमुना हवा. जमीन फारच मऊ असेल तर नोंद वाढवा: ५८ मीटर अंतर ८० मीटर प्रति सेकंदाने कापायला पाऊण सेकंद लागतो, त्यामागून येणाऱ्या शेपटीला जागा हवी. ट्रिगरच्या आधीचे २०-५० मिलिसेकंदही नोंदवा. सगळे फिल्टर बंद. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर तर नकोच, तो फेज वाकवतो आणि पहिल्या आगमनाचा आकार बिघडवतो.

प्रत्यक्ष कामाला उतरण्याआधी एक चाचणी टाळू नका. जिथे काम आहे तशाच गवताळ किंवा मातीच्या तुकड्यावर माळ पसरा, प्रत्येक प्लेटशेजारी १० सेंटिमीटरवर एकेक जिओफोन रोवा, आणि एकाच जागी पाच घाव रोवलेल्यांवर, पाच माळेवर घ्या. दोन्हींचे डिस्पर्शन वक्र वापराच्या पट्ट्यात २-३ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. आयामाचा वर्णपटही पाहा: माळेचा आयाम ४० हर्ट्झच्या वर घसरत असेल तर एमएएसडब्ल्यूला चालतं, अपवर्तनाला नाही. डांबरावर खिळा रोवता येत नाही. तिथे तुलनेचे जिओफोन प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. ही चाचणी एका दिवसाची आहे, पण पुढे कोणी ‘ओढलेल्या जिओफोनचा काय भरवसा’ असं विचारलं की दाखवायला तेवढंच हातात असतं.

प्रत्यक्ष ओढताना चालायच्या वेगापेक्षा जास्त जाऊ नका. माळेच्या शेपटाशी एक माणूस चालता ठेवा. उताणी पडलेली प्लेट फक्त त्यालाच दिसते. थांबल्यावर गाडी हातभर मागे घ्या, म्हणजे दोराचा आणि पट्ट्याचा ताण सुटेल. ताणलेला पट्टा प्लेटा पुढे कलत्या ठेवतो आणि गाडीची थरथर माळेत उतरवतो. इंजिन बंद. मग शेपटाचा माणूस पुढे चालत येताना प्रत्येक प्लेट पायाने हलकी दाबतो, आणि पडद्यावर सगळे चॅनेल शांत झाले की घाव. पाऊल, म्हणजे माळ दर वेळी पुढे सरकवण्याचं अंतर, जिओफोनच्या अंतराच्या पटीत ठेवा, इथे ४ मीटर. १ किलोमीटरला २५० थांबे होतात. दर थांब्याला दोन मिनिटं धरली तरी आठ तासांहून जास्त. प्राथमिक पाहणी असेल तर ८ मीटरचं पाऊल पुरेल.

वळणाची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४६ मीटरच्या माळेची कमान मध्यावर १.३ मीटर सरकते, पण टोकापासून टोकाचं सरळ अंतर फक्त १० सेंटिमीटरने कमी होतं. वेगात त्याने काही बिघडत नाही. जागा मात्र नीट लिहा: जीपीएसचा अँटेना गाडीवर असतो आणि नोंदीचा मध्य त्याच्या ४० मीटर मागे. चौकातल्या काटकोनी वळणावर माळ ओढू नका, उचलून न्या.

पृष्ठभागाप्रमाणे त्रास बदलतो. खडीवर एखादी प्लेट दोन दगडांवर अधांतरी राहते. उंच गवतावर प्लेट काड्यांच्या गादीवर तरंगते. तिथे पहिल्या प्लेटच्या पुढे एक जड लोखंडी दांडा आडवा ओढला की गवत दबतं. नांगरलेल्या शेतात सरींना आडवं जाऊच नका, प्लेटा दोन वरंब्यांवर पूल बांधतात. सरीच्या दिशेने जमतं. चिकट ओल्या मातीत तळाला गोळे धरतात आणि प्रत्येक प्लेटचं वजन व स्पर्श वेगळा होतो. तिथे थांबा, दुसऱ्या दिवशी या.

डांबराची स्वतःची गंमत आहे. वर ताठ, खाली मऊ, म्हणजे वेग उलटा. जास्त वारंवारतेला लाट डांबराच्या थरात अडकते आणि वक्र अचानक वर उसळतो. तो भाग मातीचा नाही. ३०-४० हर्ट्झच्या वरचा वक्र तिथे निवडताना हात आखडता घ्या, आणि डांबर व त्याखालचा भराव हा पातळ ताठ थर मॉडेलमध्ये घाला. शिअर तरंगांचं परावर्तन घेणाऱ्यांना मात्र हेच डांबर लाभतं: ताठ थर वर असला की लव्ह तरंग (आडव्या हालचालीचे पृष्ठतरंग) तयार होत नाहीत आणि परावर्तनं मोकळी दिसतात. त्यासाठी आडवे जिओफोन लागतात आणि घाव दोन्ही बाजूंनी मारून एकातून दुसरा वजा करायचा असतो. उभ्या जिओफोनने तो मार्ग बंद. रस्ता भरावावर असेल तर पहिले काही मीटर भरावाचे आहेत हेही विसरू नका. मोरी, गटार, संरक्षक भिंत यांच्या जागा नोंदवहीत लिहा, नाहीतर त्यांचे प्रतिध्वनी पुढे थर म्हणून वाचले जातात.

खडकाची खोली. अपवर्तनात सर्वांत लांब अंतर खोलीच्या ४-५ पट हवं. खडक ८ मीटरवर असेल तर किमान ४० मीटर. १५ मीटरवर असेल तर ६० ते ७५. माळ आणि स्रोत एकत्र सरकतात, म्हणून कितीही किलोमीटर ओढलं तरी अंतर १२ ते ५८ मीटरच राहतं आणि घाव नेहमी एकाच बाजूने. म्हणून दर १००-२०० मीटरला एक वेगळा संच घ्या: स्रोत जागेवर ठेवा, घाव घ्या, माळ ४४ मीटर पुढे ओढा आणि त्याच जागी पुन्हा घाव घ्या. ४४ मीटर अशासाठी की दोन चॅनेल जुन्या जागांवर येतात. त्या दोन्हींवर पहिल्या आगमनाची वेळ जुळली नाही तर ट्रिगर सरकला आहे, आणि किती सरकला तेही तिथेच कळतं. मग दुसऱ्या टोकाकडून स्रोत ठेवून हेच उलट करा. उलट दिशेचा घाव नसेल तर थराचा उतार आणि थराचा वेग वेगळे काढता येत नाहीत. एवढ्या अंतरावर, रहदारीत, घणाचं पहिलं आगमन वाचता येईलच असं नाही. पडतं वजन इथे खरं उपयोगी येतं.

नोंद पाहून बिघाड ओळखायच्या काही खुणा. एकाच चॅनेलचा आयाम शेजाऱ्यांच्या निम्मा: प्लेट अधांतरी. एकच चॅनेल ६०-१२० हर्ट्झवर लांबवर घुमतो: नट सैल, किंवा क्लिप आपटते. एक चॅनेल उलटा: क्लिपची ध्रुवता. वेग उणा, लाट मागून येतेय असं दिसतं: केबलचं तोंड उलटं जोडलं आहे. सगळे चॅनेल एकत्र २-३ मिलिसेकंद मागेपुढे: घणावरचा ट्रिगर स्विच फुटत आला आहे किंवा त्याची टेप सुटली आहे. अशा घावांचं स्टॅक केल्यास वरच्या वारंवारता पुसल्या जातात, म्हणून दोन स्विच जवळ ठेवा. गाडीकडून शेपटाकडे कमी होत जाणारा गोंगाट: इंजिन किंवा ताणलेला दोर. डिस्पर्शनच्या चित्रात वक्र कमी वारंवारतेला एकदम वरच्या पायरीवर उडी घेतो: बहुधा वरचा मोड (त्याच लाटेचा जास्त वेगाने जाणारा प्रकार) मूळ मोड म्हणून निवडला गेला आहे, त्याच जागी स्रोत ६ आणि १८ मीटरवर ठेवून पुन्हा पाहा. अंतर बदलल्यावर उडीची जागा बदलली तर तो मातीचा गुण नाही.

दिवसाच्या शेवटी माळ ड्रमवर गुंडाळू नका, प्लेटा एकमेकींवर आदळून जिओफोनच्या टोप्या फुटतात. पट्टा घडी घालत, एकेक प्लेट उभी, लाकडी खाचांच्या पेटीत ठेवा, आणि केबलचं टोक वरच राहू द्या, म्हणजे सकाळी गाठ सोडवण्यात वेळ जाणार नाही.